उशिराच्या भरवशावर

जिवनबाई राठोड हिला थंडीच्या दिवसांत पहाटे एकच स्वप्न पडे. धुक्यातून बैल चालत येत, एकामागून एक, पाठीवर धान्याच्या गोण्या आणि गळ्यात घंटा. सर्वांच्या पुढे एक पांढरा बैल असे. त्याच्या शिंगांना तांबडे गोंडे, कपाळावर कवड्यांची पट्टी, आणि पाठ मोकळी. लदेणीच्या काळात, म्हणजे तिच्या लोकांचे तांडे बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य मुलखोमुलखी पोचवीत त्या काळात, प्रत्येक तांड्याचा असा एक गराशा बैल असे, हे तिला आजोबांनी सांगितले होते. त्याच्यावर कुणी ओझे लादत नसे, त्याला कुणी हाकीत नसे. तो चालेल ती वाट आणि तो बसेल तिथे मुक्काम. गराशा बसला की बायका तीन दगड मांडून चुली पेटवीत, आणि आज जेवण आहे हे लेकरांना न सांगता कळे.

स्वप्नातला बैल जिवनबाईच्या दारापर्यंत येई, पुढचे गुडघे मोडण्याच्या बेतात असे, आणि नेमकी तेव्हाच तिला जाग येई. बाहेर खरोखरच धुके असे. त्या धुक्यात बराच वेळ घंटा ऐकू येत आहेत असे तिला वाटत राही, आणि ती तशीच उठून शाळेकडे चालू लागे, कारण चूल शाळेत होती.

तांडा कळमनुरी तालुक्यातला. डोंगरकडा गावच्या केळीच्या बागा मागे टाकून माळावर चढणारी वाट जिथे थकून थांबते, तिथला. त्याला रूपसिंग नायक तांडा म्हणतात. रूपसिंग नायक जाऊन कितीतरी पावसाळे लोटले, नाव तेवढे राहिले. दिवाळी सरली की तांडा रिकामा होतो. धडधाकट माणसे ऊसतोडीला कोल्हापूरकडे जातात, नाही तर कर्नाटकात, आणि होळीच्या मागेपुढे परततात. मधल्या दिवसांत तांड्यावर म्हातारी माणसे, कुत्री आणि कुलपे राहतात.

जिवनबाईचा जन्मच मुळी फडावरचा. उसाच्या पाल्याने शाकारलेल्या कोपीत ती जन्मली, बाभळीला टांगलेल्या झोळीत वाढली, आणि ज्या वयात अक्षरे गिरवायची त्या वयात वाढ्यांच्या पेंढ्या बांधू लागली. वाढे म्हणजे उसाच्या शेंड्याकडचा हिरवा पाला. तो बांधायला मोठ्या माणसाचे हात लागत नाहीत, म्हणून ते काम लेकरांचे. असा न्याय कुणी ठरवला हे तिने कधी विचारले नाही. तिची लेक शिवकन्या हिने शाळा पाहिली ती फक्त पावसाळ्यातली. कोवळ्या पाटीवर दोन अक्षरे उमटली न उमटली तोच दिवाळी येई, आणि परतल्यावर ती अक्षरे ओळख देत नसत. पुढे शिवकन्या तांड्यातल्याच पुनमचंदला दिली गेली, आणि तीही कोयता घेऊन त्याच वाटेने जाऊ लागली.

मग जिवनबाईचे गुडघे गेले. मुकादमाने तिला टोळीतून वगळले. नेमक्या त्याच सुमारास तांड्यावरच्या शाळेला हंगामी वसतिगृह मंजूर झाले. नाव भारदस्त, वस्तू साधी. आईबाप ऊसतोडीला गेले तरी लेकरांनी तांड्यावरच राहावे, शाळा सोडू नये, म्हणून त्यांना सकाळ-संध्याकाळचे जेवण, निजायला चटया आणि जवळ एक बाई. ती बाई म्हणजे जिवनबाई. शाळेचे देविदास गुरुजी मूळचे जवळा बाजारचे. त्यांनीच तिला बोलावून घेतले. सरकार नावाच्या गोष्टीने तिच्या साऱ्या आयुष्यात तिच्यासाठी काही केले असेल तर ते एवढेच, आणि त्या बदल्यात तिने सरकारवर इतकी माया केली की तेवढी कुणी पोटच्या पोरावरही करणार नाही.

त्या हिवाळ्यांविषयी ती बोलू लागली की तिचे डोळे अर्धवट मिटत. भाताच्या वाफेत लेकरांची तोंडे धूसर दिसत. जेवण झाल्यावर ती गराशा बैलाची गोष्ट सांगे, आणि दुसऱ्या दिवशी पोरे तोच खेळ खेळत. सगळ्यांत लहान म्हणून बंटी नावाच्या पोराला गराशा करीत. तो दुडुदुडु पुढे चाले, मागे सगळा तांडा; तो मन मानेल तिथे बसे, आणि तो बसला की मोठ्या पोरी खड्यांच्या चुली मांडत. शिवकन्येची लेक पुजा त्यांच्यात म्होरकी. ती आता सहावीत गेली होती. या घराण्यात एवढ्या लांब शाळेत गेलेली ती पहिलीच, आणि डोंगरकड्याच्या मोठ्या शाळेत जायचे हे तिने स्वतःच स्वतःला सांगून ठेवले होते.

आता या वसतिगृहाचा एक गुण सांगितला पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. त्याची मंजुरी कधीच वेळेवर आली नाही. सरकारचे घोडे वरातीमागूनच यायचे, हे तांड्याला पाठ होते. कधी नाताळात, कधी संक्रांतीला, आणि एके वर्षी तर परतणाऱ्या गाड्यांची धूळ वाटेवर दिसू लागली तेव्हा आदेश आला. तोवर गुरुजींनी ओळखीच्या दुकानातून सामान आणायचे, म्हाताऱ्यांनी घरची ज्वारी द्यायची, जिवनबाईने चूल पेटती ठेवायची. मग आदेश येई आणि सगळे मागचे भरून निघे. घोडे उशिरा का होईना, येई. त्यामुळे उशिराची भीती कुणालाच राहिली नव्हती. उशीर म्हणजे येणारच, असा त्या माणसांचा हिशेब.

त्या वर्षी चिन्हे दिसत होती. दुपारच्या शाळेच्या खिचडीबरोबर आठवड्यातून एकदा उकडलेले अंडे मिळे. बंटी त्याला चांद म्हणे. अर्धे कापले की आतला पिवळा गोल त्याला आभाळातलाच वाटे. आधी तो चांद गेला. मग केळे गेले. केळीचे घड भरून ट्रक ज्या डोंगरकड्याहून दूरदेशी निघतात, त्याच्या उशालगतच्या शाळेत लेकरांच्या ताटात केळे परवडेनासे झाले. निधी अन्यत्र वळवला, असे गुरुजींना कुणीतरी फोनवर सांगितले. अन्यत्र हे गाव कुठे आहे ते त्या माणसाला ठाऊक नव्हते.

दिवाळीच्या अमावास्येला तिन्हीसांजेला तांड्यावरच्या कुमारिका हातात पेटते दिवे घेऊन घरोघर फिरतात. याला मेरा म्हणतात. त्या दारात उभ्या राहून घरातल्या वडीलधाऱ्यांचे भले चिंतितात, आणि वडीलधारे त्यांच्या दिव्यात तेल ओततात. दिवा रिकामा परत पाठवायचा नसतो. शिवाय या तांड्यात असेही मानतात, की तेल ओतताना जो शब्द तोंडातून निघेल तो मोडायचा नसतो. मोडला तर त्या घरच्या चुलीत विस्तव टिकत नाही.

त्या संध्याकाळी पुजा सगळ्या पोरींना घेऊन जिवनबाईच्या दारात उभी राहिली. दिव्यांच्या उजेडात त्यांची तोंडे कुठल्या तरी जुन्या काळातून आल्यासारखी दिसत होती. त्यांच्या मागे अंधारात त्यांच्या आया उभ्या होत्या. त्यांची गाठोडी बांधून झाली होती, आणि त्या गाठोड्यांत लेकरांचे कपडे बांधायचे की नाही हे अजून ठरायचे होते. जिवनबाईने पुजाच्या दिव्यात तेल ओतले.

“कोनीच जाऊ नका,” ती म्हणाली. “साळा सोडू नका. जितं माही चूल, तितं तुमचं ताट.”

मागून शिवकन्येने हळूच विचारले, “आदेश आला का, याडी?” तांड्यात आईला याडी म्हणतात; जिवनबाईला तिची नात पुजाही तेच म्हणे.

“न्हाई आला. येईल. त्याचं येनं तुला काय नवं हाय?”

आयांच्या रांगेतून एक निःश्वास उमटला, आणि कपडे गाठोड्यांतून बाहेर निघाले. दुसऱ्या दिवशी गाड्या भरल्या. शिवकन्येने लेकीच्या केसांत घट्ट वेणी घातली, अशी की ती होळीपर्यंत सुटू नये, आणि गाडीत चढून बसली. धूळ बराच वेळ वाटेवर तरंगत राहिली. ती खाली बसली तेव्हा तांडा एवढा शांत झाला होता की कुलपे वाऱ्याने कडीवर आपटत होती ते ऐकू येत होते.

नाताळ आला, गेला. आदेश आला नाही. कुणी घाबरले नाही. चुकले ते इथेच, आणि ही चूक अशाच माणसांच्या हातून होऊ शकते ज्यांना कधी काही वेळेवर मिळालेले नाही. ज्याला वेळेवर मिळायची सवय असते तो एक दिवस उशीर झाला की दार ठोठावू लागतो. तांड्याने मात्र उशिरालाच वचन मानले होते, आणि तो जितका लांबला तितका त्यांचा भरवसा पक्का होत गेला. वसतिगृह बंद केले असे कुणी कळवलेही नव्हते. बंद करायचे तर आदेश काढावा लागतो, त्यावर सही करावी लागते, आणि सही केली की ती कुणाची हे दिसते. त्यापेक्षा काहीच न काढणे सोयीचे. लेकरांचे जेवण तोडणारा माणूस या राज्यात शोधू गेले तर सापडणार नाही. सगळे आपापल्या खुर्चीत निर्दोष बसलेले आढळतील.

दुकानदाराने हात आखडले. गुरुजी आपल्या घरातून डाळ आणू लागले, आणि त्यांच्या घरातूनही बोलणे ऐकू लागले. म्हाताऱ्यांच्या कणग्या तळाला लागल्या. दुपारची खिचडी शाळेच्या दिवशी मिळे. रविवार मात्र लांबलचक असत. डोंगरकड्याची चतुराबाई बागेत मजुरीला जाई. तिची आणि जिवनबाईची मैत्री बाजारात शेजारी बसून भाजी विकल्यापासूनची. व्यापाऱ्याने नापास केलेली, डाग पडलेली केळी ती टोपलीत घालून आणून देई आणि टोपली उतरवताना टोमणा मारी.

“तुझा सरकार जावई लई मानपानाचा दिसतो बाई. बलावनं धाडून थकली तू, अन् हा काही गाडीतून उतरना.”

“उतरंल,” जिवनबाई म्हणे. “जावई उशिराच येतो, पर जेवल्याबिगर राहत न्हाई.”

“तो जेवंल गं. तुमचं काय?”

दोघी हसत. मग चतुराबाई जरा वेळ उगीच पदर सारखा करीत उभी राही आणि निघून जाई.

पातेले तेच होते, वरण पातळ होत गेले. सकाळच्या उन्हात जिवनबाई त्यात डोकावे, तेव्हा तिला त्यात आधी डाळ दिसे आणि मग आभाळ. हळूहळू आभाळच जास्त दिसू लागले. ती स्वतः जेवेनाशी झाली. घरून खाऊन आले असे ती सांगे, आणि घरी चूल नाही हे माहीत असूनही लेकरे मान डोलावीत. उपाशी माणसाला झोप आणि जाग यांमधला उंबरठा सापडत नाही. पहाटेचे स्वप्न आता तिच्यामागे दिवसाही येऊ लागले. पळी ढवळता ढवळता घंटा ऐकू येत. शाळेच्या पटांगणात पांढरे काही हलताना दिसे; ती डोळे चोळी, तर तिथे वाळत घातलेली चादर असे. तिला त्याची भीती वाटली नाही. उलट बरे वाटे. बैल जवळ आला आहे, आता बसेल, असे तिला वाटे.

लेकरांचा खेळही बदलला होता. गराशा झालेला बंटी आता कुठेही बसे, पण तो बसला म्हणून मुक्काम पडला असे कुणी म्हणेना, आणि चुली मांडायला कुणी उठेना. एका सकाळी प्रार्थनेच्या रांगेत तो असाच खाली बसला आणि उठलाच नाही. गुरुजी त्याला उचलून दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या बाईंनी त्याचे डोळे पाहिले, हात चाचपला, आणि याला काही झालेले नाही, याला नुसते खायला द्या, असे सांगितले. औषधाचे नाव एवढे सोपे असेल असे गुरुजींना वाटले नव्हते. परतल्यावर ते बंटीला चटईवर निजवून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

त्या दिवशी संध्याकाळी शिवकन्येचा फोन गुरुजींच्या मोबाइलवर आला. समदं बराबर हाय, असे जिवनबाईने तिला सांगितले. मग पुजाने फोन घेतला आणि तीही तेच म्हणाली. पोरीचा तो निर्मळ, सराईत खोटेपणा ऐकून जिवनबाईला चटका बसला. ही कला तिने पोरीला शिकवली नव्हती. पोरीने ती ताटासमोर बसून आपोआप उचलली होती.

मग तिला मेरा सुचला.

दिवा घेऊन दारात उभे राहिले की कुणी रिकामा पाठवत नाही, हे तिने जन्मभर पाहिले होते. गुरुजींनी अर्ज केले होते. अर्जाला दार नसते. आपण पोरी घेऊन जायचे, दिवे पेटवायचे, आणि सरकार जिथे राहते तिथे दारात उभे राहायचे. तेल ओतावेच लागेल, आणि ओतताना शब्दही द्यावा लागेल. तांड्याचे म्हातारे नायक सोनाजी यांना तिने हे सांगितले, तेव्हा ते दचकले. मेरा दिवाळीच्या अमावास्येचा. अवेळी दिवे घेऊन पोरी गावाबाहेर नेणे हे कधी घडले नव्हते.

“दिवाळी होऊन गेली, जिवन,” ते म्हणाले.

“आपली गेली, नायक. सरकारला समदंच उशिरा कळतं. दिवाळी बी आत्ता कळंल.”

सोनाजी नायकांनी घरातला तेलाचा शेवटचा थेंब पोरींच्या दिव्यांसाठी आणून दिला. गुरुजी बरोबर गेले नाहीत. त्यांना शाळा उघडी ठेवायची होती, आणि नोकरीही. त्यांनी पोरींना बसमध्ये बसवून दिले आणि बस सुटल्यावरही ते थांब्यावर उभेच होते.

जिल्ह्याच्या गावातल्या त्या कार्यालयाचे नाव घेण्याचे कारण नाही; अशी कार्यालये नावावरून निराळी ओळखू येत नाहीत. फाटकाशी पोरींनी घागरे सारखे केले, ओढण्या डोक्यावर घेतल्या आणि दिवे पेटवले. भर उन्हात ज्योती दिसतही नव्हत्या. त्यांच्यावरची हवा तेवढी थरथरत होती. योग असा, की त्या दिवशी तिथे बालिका दिन साजरा होत होता. दारात रांगोळी, आत फलक, फुगे. एक लगबगीची बाई पुढे आली, पोरींना पाहून खूश झाली, तुम्ही लवकर आलात, असे म्हणाली आणि सगळ्यांना थेट सभागृहात घेऊन गेली. जिवनबाईला वाटले, इथे आपली वाट पाहत होते. तिला भरून आले.

आत गार, निळसर उजेड होता आणि माणसे रांगांनी बसली होती. पुजा मंचासमोर उभी राहिली, आणि तांड्यावर करतात तसा तिने त्या खुर्च्यांवरच्या साऱ्यांना मेरा केला. तिचा आवाज आधी कापला, मग सुटला. बाकीच्या पोरी मागून बोलू लागल्या. जिवनबाईला ते सारे पाण्याखालून ऐकू येत होते. पांढरे सदरे धुक्यासारखे हलत होते, आणि त्या धुक्यात कुठेतरी घंटा होत्या. आता, असे तिला वाटले. आता बसेल.

टाळ्या पडल्या.

पुष्कळ पडल्या. मोबाइल वर झाले, फोटो निघाले. मंचावरचे साहेब खाली उतरून आले. ते वाईट माणूस नव्हते. वाईट माणूस समोर असता तर निदान त्याच्याशी भांडता आले असते. त्यांनी पुजाला नाव विचारले, कोणत्या शाळेचे पथक म्हणून चौकशी केली, आपली संस्कृती अशीच जपा म्हणाले. एका शिपायाने प्रत्येक पोरीच्या मोकळ्या हातात बिस्किटांचा पुडा आणि एक पेन ठेवले. पुजा दुसऱ्या हातातला दिवा पुढे धरून उभीच राहिली. दिवा का पुढे धरला आहे हे तिथे कुणाला कळेना. वात विझत आली आहे असे समजून कुणीतरी काडेपेटी आणली.

“साहेब,” जिवनबाई पुढे झाली, “आमचं वसतिगृह कवा चालू व्हनार?”

साहेबांनी कोणते वसतिगृह म्हणून शेजारच्या कारकुनाकडे पाहिले. कारकून त्यांच्या कानाशी लागला. साहेबांचा चेहरा थोडा उतरला. तेवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

“आजी, ते बंद झालंय असं नाही. यंदा मंजुरी आलेली नाही.”

“मंग येईल?”

“तसं सांगता येत नाही.”

“मंग न्हाई येनार?”

“तसंही सांगता येत नाही, आजी.”

“बरं,” ती म्हणाली. “मंग लेकरांनी कोन्या दिवशी जेवायचं, तेवढं सांगा. बाकीचे दिस मी बघते.”

मंचावरून पुढच्या पथकाचे नाव पुकारले गेले, लगबगीची बाई आली आणि तिने पोरींना हळुवारपणे, पाठीवर हात ठेवून, दाराबाहेर काढले.

परतीच्या बसमध्ये पोरींनी बिस्किटे एकदम खाल्ली नाहीत. बंटीसाठी आणि राहिलेल्या लेकरांसाठी त्यांनी पुडे आधी वाटून बाजूला ठेवले, आणि मग आपापला वाटा जिभेवर विरघळू देत खाल्ला. बाहेर तुरीची रिकामी राने मागे पळत होती. पुजाने दिवा मांडीवर ठेवला होता. तो कोरडा होता.

“याडी, त्येंनी तेल न्हाई टाकलं.”

“व्हय.”

“त्येंना म्हाईत नसंल.”

“नसंल.”

पुजा खिडकीबाहेर बघत राहिली. मग जणू दुसऱ्याच कुणाविषयी बोलते आहे अशा आवाजात, तिने विचारले, “मंग आता आमी जायाचं का?”

दिवाळीला जिवनबाईच्या तोंडून निघालेल्या शब्दाला दोन तोंडे होती. जाऊ नका, हे एक. आणि जिथे माझी चूल तिथे तुमचे ताट, हे दुसरे. पहिले तिच्या हातातून निसटून चालले होते. तिने डोळे मिटले आणि आजोबांचा आवाज आठवला. मुक्कामाच्या जागी धान्य संपले की तांडा तिथे रडत बसत नसे. तो चुलीचे दगड तिथेच सोडून, जिथे धान्य असेल तिकडे निघे. दगड कुठेही मिळतात, असे ते म्हणत.

त्या रात्री तिने गुरुजींना मुकादमाला फोन लावायला सांगितला. मुकादम जळबा याने दोनदा विचारून घेतले नाही. लेकरे येत असतील तर वाढे बांधायचे काम झपाट्याने होईल, म्हातारी दोन्ही वेळचे शिजवील तर बायकांचा वेळ वाचेल, असे त्याने तत्काळ ताडले आणि दुसऱ्याच दिवशी टेम्पो धाडला. सरकारला जी लेकरे महिनोन्‌महिने दिसेनात ती मुकादमाला एका फोनवर दिसली. या देशात लेकरांची नड कुणाला आहे, हे त्यावरून समजावे.

निघताना जिवनबाईने शाळेतले मोठे पातेले गुरुजींच्या स्वाधीन केले आणि आपले घरचे घेतले. पुजाने पुस्तके दप्तरात भरली होती. ती टेम्पोत चढली, मग उतरली, दप्तर वर्गातल्या आपल्या जागेवर ठेवून आली आणि पुन्हा चढली. गुरुजींनी विचारले, काहून ठेवले. फडात भिजतील, असे ती म्हणाली. गुरुजींनी टेम्पो वळणाआड जाईपर्यंत पाहिले, मग ते रिकाम्या वर्गात गेले आणि त्यांनी वेळ झाली म्हणून घंटा दिली. माळावर ती बराच वेळ घुमली.

पुढे एका वर्तमानपत्रात तो फोटो छापून आला. तांड्यावरील मुलींनी पारंपरिक कला सादर करून उपस्थितांची मने जिंकली, असे त्याखाली होते. पुजाचा पुढे धरलेला दिवा त्यात स्पष्ट दिसतो. गुरुजींनी ते कात्रण शाळेच्या फळ्याशेजारी लावले. पाहायला पटावरची मोजकी लेकरे उरली होती. मग पट घसरल्याचे कारण दाखवून शाळा बंद का करू नये अशी विचारणा करणारे पत्र आले. ते पत्र मात्र वेळेवर आले.

जिवनबाई आता कर्नाटकाच्या सीमेवरच्या एका फडात, कोपीपुढे तीन दगड मांडून रांधते. लेकरांना दोन्ही वेळ पोटभर मिळते. बंटीच्या गालांवर पुन्हा मांस चढले आहे. तिने शब्दाचे एक तोंड राखले आहे, आणि हे तिला कुणी सांगितले तर ती मान फिरवते. लेक टेम्पोतून उतरली तेव्हा शिवकन्येने फक्त दिवाळीला घातलेली वेणी सोडली आणि नव्याने घातली, पहिल्याइतकी घट्ट नाही. पुजा पहिल्या दिवशी वाढ्यांच्या पेंढ्या सैल बांधत होती. आता सुटत नाहीत.

स्वप्न अजून पडते. मात्र आता धुक्याऐवजी जाळलेल्या पाचटाचा धूर असतो. बैल येतात, गोण्या, घंटा, आणि पुढे तो पांढरा, पाठ मोकळी असलेला. तो कोपीपर्यंत येतो, चुलीच्या तीन दगडांकडे पाहतो, आणि न थांबता पुढे निघून जातो. मागचा सारा तांडा त्याच्यामागून जात राहतो. त्यात तिला तिचे आजोबा दिसतात, तिची आई दिसते, पाटी बगलेत धरलेली लहानगी शिवकन्या दिसते. कुणीच मागे वळत नाही.

आज पहाटेही ती त्या घंटांनीच जागी झाली, आणि डोळे उघडल्यावरही त्या वाजत राहिल्या. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्या होत्या त्या. अंधारात बैलांची तोंडे वाफा सोडीत पुढे सरकत होती. एकाचीही मान मोकळी नव्हती. जिवनबाई चूल पेटवायला उठली तेव्हा शेजारचे पुजाचे अंथरूण गार होते. पोरगी केव्हाच आईबरोबर फडात गेली होती.